वंशपरंपरागत गणितज्ञ

ठाणे पूर्वेला, म्हणजे कोपरीत, एका शाळेने नववीच्या मुलांशी न्यूटनविषयी बोलायला मला बोलावले होते. रेल्वेच्या पलीकडच्या जुन्या ठाण्यापेक्षा इकडची वस्ती थोडी वेगळी. खाडीकाठचे मूळचे कोळी आणि आगरी, फाळणीनंतर सिंधमधून येऊन इथे वसलेली कुटुंबे, आणि नंतर नोकरीच्या निमित्ताने घाटावरून व कोकणातून आलेली मंडळी. या सगळ्यांची मुले एकाच वर्गात दाटीवाटीने बसली होती. बोलणे संपल्यावर मी विचारले, "काही शंका?" बहुतेक वेळा पहिला प्रश्न सफरचंदावर येतो. या वेळी तिसऱ्या बाकावरचा एक मुलगा उठला आणि म्हणाला, "मॅडम, राजाचा मुलगा राजा व्हायचा. मग न्यूटनचा मुलगा न्यूटन का नाही झाला?"

वर्ग हसला. मीही हसले, आणि "न्यूटनने लग्नच केले नव्हते" असे सांगून मोकळी झाले. उत्तर खरे होते, पण ती पळवाट होती. मुलाचा प्रश्न न्यूटनच्या संसाराविषयी नव्हताच.

शिक्षकांच्या खोलीत चहा घेताना हा विषय पुन्हा निघाला. विज्ञानाच्या बाईंना लगेच आनुवंशिकता आठवली. मग ब्रॅग पिता-पुत्रांची आठवण निघाली. १९१५ चे नोबेल दोघांना मिळून मिळाले होते. मेरी क्यूरी आणि त्यांची मुलगी आयरीन यांचेही नाव निघाले. आयरीनला नोबेल मिळाले ते १९३५ साली, पतीबरोबर केलेल्या स्वतःच्या कामासाठी. आईचे होते म्हणून कुणी तिच्या हाती ठेवले नाही. इतिहासाचे सर इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, "प्रश्न उलटा करून बघा. न्यूटनचा मुलगा न्यूटन होत नाही, हे सगळ्यांना पटतं. मग राजाचा मुलगा राजा का होतो?"

नेमका असा उलटा केलेला प्रश्न सव्वादोनशे वर्षांहून अधिक काळापूर्वी टॉमस पेन या इंग्रज लेखकाने छापला होता. कायदे करणारे वंशपरंपरेने ठरावेत ही कल्पना वंशपरंपरागत गणितज्ञ नेमण्याइतकीच हास्यास्पद आहे, अशा अर्थाचे विधान त्याच्या ‘राइट्स ऑफ मॅन’ या १७९१ च्या पुस्तकात आहे. गणितज्ञाचे उदाहरण त्याने मुद्दाम निवडले असणार. गणित येते की नाही हे तपासता येते. बाप कोण होता याने समीकरण सुटत नाही.

पेनपर्यंत ही कल्पना कशी पोहोचली ते आधी थोडक्यात पाहू. शब्दाचा एक घोटाळाही इथेच सोडवायला हवा. ‘प्रबोधन’ हा शब्द आपण युरोपातल्या पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या विद्या-कलांच्या पुनरुज्जीवनासाठी वापरतो. इथे ज्या काळाविषयी बोलतो आहोत तो त्यानंतरचा, साधारण १६८० पासून फ्रेंच राज्यक्रांतीपर्यंतचा. त्याला मी ज्ञानोदयाचा काळ म्हणेन. अधिकारवाणीने सांगितलेली गोष्ट पुराव्याशिवाय मान्य करायची नाही, ही वैज्ञानिकांची सवय या काळात राज्य आणि समाज यांच्याकडे पाहतानाही वापरली जाऊ लागली.

सुरुवात इंग्लंडात झाली. रॉबर्ट फिल्मर याचा एक ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १६८० साली प्रसिद्ध झाला. त्याचे म्हणणे असे, की देवाने पहिला मानव आदम याला त्याच्या संततीवर पित्याची सत्ता दिली आणि ती वारसाहक्काने आजच्या राजांकडे आली. न्यूटनचा मित्र जॉन लॉक याने १६८९ साली याला उत्तर दिले. ते वर्गात तर्कशास्त्राचा नमुना म्हणून वाचावे असे आहे. क्षणभर मान्य करू, की आदमला सत्ता मिळाली होती. मग आज आदमचा थेट वारस कोण? ते कुणालाच सांगता येत नाही. म्हणजे फिल्मरचा पुरावा खरा धरला तरी तो कोणत्याही एका राजाच्या उपयोगाचा नाही. राज्याला आधार असेलच तर तो लोकांच्या संमतीचा, आणि लोकांचे जीवित, स्वातंत्र्य व मालमत्ता राखण्यासाठी ते असते, असे लॉकने पुढे मांडले.

फ्रान्समध्ये व्हॉल्तेअर या तरुण लेखकाला जन्माचा प्रश्न अंगावर झेलावा लागला. रोहान घराण्यातल्या एका सरदाराने त्याच्या नावावरून त्याला हिणवले. व्हॉल्तेअरने तिखट उत्तर दिले, तेव्हा सरदाराने नोकरांकरवी त्याला झोडपून काढले. दाद मागू लागला तर बास्तीलच्या तुरुंगात टाकले. इंग्लंडला जाण्याच्या अटीवर १७२६ साली तो सुटला. पुढच्याच वर्षी न्यूटन वारला. गणिताच्या एका प्राध्यापकाला एखाद्या राजासारखा निरोप मिळतो, हे पाहून व्हॉल्तेअर थक्क झाला. ही गोष्ट त्याने पुढे आपल्या देशबांधवांना आवर्जून कळवली.

माँतेस्क्यू आपल्याला माहीत असतो तो कायदे करणे, ते राबवणे आणि न्याय देणे ही तीन कामे वेगवेगळ्या हातांत असावीत या विचारासाठी. हे त्याने १७४८ च्या ग्रंथात मांडले. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात एक मजेची गोष्ट मात्र नसते. हा गृहस्थ स्वतः वारसाने न्यायाधीश झाला होता! बोर्दोच्या न्यायालयातले वरिष्ठ पद त्याला १७१६ साली काकाकडून मिळाले आणि १७२६ साली त्याने ते चक्क विकले. त्या काळच्या फ्रान्समध्ये अशी पदे ही मालमत्ताच होती. ती विकत घेता येत, विकता येत आणि वारसांना देता येत. क्रांती सुरू झाल्यावर ऑगस्ट १७८९ मध्ये तिथल्या राष्ट्रसभेने सरंजामी हक्कांबरोबर ही पद्धतही रद्द केली.

मराठी वाचकाला ही पद्धत ओळखीची वाटली पाहिजे. आपल्याकडे तिला वतन म्हणत.

गावाची पाटीलकी, कुलकर्ण, परगण्याची देशमुखी, देशपांडेपण, गावजोशीपण ही सगळी वतने. वतन बापाकडून मुलाकडे जाई, भावांत वाटले जाई, गहाणही पडे. म्हणून जुन्या कागदांत अर्धी पाटीलकी, पाव कुलकर्ण असे उल्लेख येतात. वतनदार अज्ञान असला किंवा काम करण्याजोगा नसला तर त्याच्या जागी गुमास्ता काम करी. मान आणि उत्पन्न वतनदाराचे. इंग्रज आल्यावर हे संपले नाही. मुंबई सरकारने १८७४ साली या पदांसाठी जो कायदा केला, त्याच्या इंग्रजी नावातच ‘वंशपरंपरागत हुद्दे’ हे शब्द आहेत. पेनला जी कल्पना विनोदापुरती सुचली, ती इथे सरकारी दप्तरात नोंदलेली होती.

त्यातही गावजोशाचे वतन पाहा. पंचांग सांगणे, मुहूर्त काढणे, लग्न लावणे ही त्याची कामे. पंचांगाला आकडेमोड लागते. म्हणजे हा अगदी शब्दशः वंशपरंपरागत गणितज्ञ! त्याला गणित येते की नाही, हा प्रश्न वतनाच्या कागदात कुठेच नाही. यजमानाने दुसऱ्याच कुणाकडून लग्न लावून घेतले तरी वतनदार जोशी आपली दक्षिणा मागू शकत असे, आणि न्यायालयांनीही बराच काळ हा हक्क मालमत्तेसारखा मान्य केला.

अशा समाजात १८४७ च्या सुमारास, पुण्यात, वीस वर्षांच्या एका तरुणाने पेनचे ‘राइट्स ऑफ मॅन’ वाचले. जोतीराव फुले. स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले, माळी घरातले. घराण्याचे मूळ आडनाव गोऱ्हे. फुलांच्या धंद्यामुळे फुले झालेले. त्यांचा मित्र सदाशिव गोवंडेही याच विचारांचा. पुढच्या वर्षी एका ब्राह्मण मित्राच्या लग्नाच्या वरातीत जोतीरावांचा जातीवरून अपमान झाला, ही हकीकत आपण मुलांना सांगतो. मग त्याच वर्षी भिडेवाड्यात मुलींची शाळा निघाली, हेही सांगतो. या दोहोंच्या मध्ये पेनचे पुस्तक आहे, हे मात्र बऱ्याचदा सांगायचे राहून जाते. अपमान अनेकांचा होत होता. तो अन्याय आहे, दैव नव्हे, असे मांडायला विचारांची चौकट लागते.

आता मी माझ्या विषयातले उदाहरण घेते. वायूचा दाब दुप्पट केला की आकारमान निम्मे होते, हा बॉइलचा नियम १६६२ पासून माहीत आहे. नेहमीच्या दाबाला तो छान लागू पडतो. दाब पुष्कळ वाढवत नेला की गणित चुकू लागते, कारण रेणूंनाही स्वतःचे आकारमान असते आणि ते एकमेकांना ओढतात. हे दोन्ही विचारात घेणारे समीकरण व्हान डर वाल्सने १८७३ साली मांडले. नियम ज्यांनी बनवला त्यांनी तो कोणत्या मर्यादेत तपासला होता, हे पाहणे म्हणूनच महत्त्वाचे असते.

ज्ञानोदयाच्या तत्त्वज्ञांनी आपला नियम कुठवर तपासला होता? सर्व माणसे जन्मतः समान, असे ते म्हणत. पण संमतीच्या राज्याची बाजू मांडणाऱ्या लॉकने गुलामांच्या व्यापारात पैसे गुंतवले होते. १७७६ च्या अमेरिकेच्या जाहीरनाम्याचा मसुदा लिहिणाऱ्या जेफर्सनच्या शेतांवर गुलाम राबत होते. रूसोने १७६२ साली एकीकडे ‘सामाजिक करार’ लिहिला आणि त्याच वर्षीच्या ‘एमिल’मध्ये मुलींचे शिक्षण पुरुषांना सुखी करण्यापुरते ठेवले. फ्रान्सच्या १७८९ च्या हक्कांच्या जाहीरनाम्यात स्त्रिया नाहीत हे पाहून ऑलिंप द गूज हिने १७९१ मध्ये स्त्रियांचा जाहीरनामा लिहिला. दोन वर्षांनी क्रांतिकारकांनी तिचा शिरच्छेद केला. इंग्लंडात मेरी वुलस्टनक्राफ्टने १७९२ साली रूसोला खरमरीत उत्तर दिले, पण तेही फार काळ अडगळीतच पडले. थोडक्यात, ‘माणूस’ या शब्दाखाली त्यांच्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे होता तो मालमत्ता असलेला गोरा पुरुष. नियम फक्त हलक्या दाबाला तपासलेला होता.

फुल्यांनी तो जास्तीत जास्त दाबाच्या जागी नेला. पेनपुढे एक राजा आणि काही उमराव होते. फुल्यांपुढे खालपासून वरपर्यंत प्रत्येक पायरीवर जन्माने ठरलेली जागा होती, आणि ती धर्माने ठरवली आहे असा समज होता. मुलींच्या शाळेनंतर तीन-चार वर्षांत महार-मांगांच्या मुलांसाठी शाळा निघाल्या. ज्यांनी कधीही विद्येला हात लावू नये असे ठरले होते, त्यांनाच विद्या देऊन पाहणे हा एक प्रयोगच होता, आणि सावित्रीबाई फुल्यांनी तो वर्गात उभे राहून केला. ‘गुलामगिरी’ हे पुस्तक १८७३ साली निघाले. ते जोतीरावांनी अर्पण केले अमेरिकेतल्या लोकांना, त्यांनी गुलामांना मुक्त केले म्हणून. जेफर्सनच्या देशाने आपल्या जाहीरनाम्यातली चूक आठ वर्षांपूर्वी घटनेपुरती तरी दुरुस्त केली होती. फुल्यांनी नेमकी त्याच गोष्टीची दखल घेतली. त्याच वर्षी सत्यशोधक समाज स्थापन झाला. (व्हान डर वाल्सचे समीकरणही १८७३ चेच. हा निव्वळ योगायोग आहे, पण मला तो आवडतो.)

सत्यशोधकांनी भटजीशिवाय लग्ने लावायला सुरुवात केली, तेव्हा जुन्नर तालुक्यातल्या ओतूरचे जोशी आपली दक्षिणा बुडाली म्हणून न्यायालयात गेले. पेनने केलेला विनोद इथे फिर्याद होऊन उभा राहिला. लग्न कुणी लावायचे हा प्रश्न धर्माचा, हिशोबाचा आणि हक्काचा, असा तिन्ही अंगांनी एकदमच पुढे आला.

हंटर आयोगापुढे १८८२ साली फुल्यांनी दिलेले निवेदन प्रत्येक शिक्षकाने एकदा तरी वाचावे. वरच्या वर्गांना शिकवले की विद्या आपोआप खाली झिरपेल, हे सरकारी धोरण त्यांनी खोडून काढले. सरकारचा महसूल शेतकऱ्याच्या कष्टातून येतो, मग तो खर्च वरच्यांच्या महाविद्यालयांवर का, हा त्यांचा सवाल होता. बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, असे त्यांनी मागितले. मृत्यूनंतर १८९१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म’ या पुस्तकात हक्कांविषयी बोलताना ते ‘स्त्री-पुरुष’ असा शब्द पुन्हा पुन्हा वापरतात. काही वाचकांना तो कंटाळवाणा वाटतो. मला त्यात पेनच्या पुस्तकाच्या नावातली दुरुस्ती दिसते.

फुल्यांचे सगळेच टिकले असे मात्र नाही. पुराणातल्या अवतारांची त्यांनी ‘गुलामगिरी’त केलेली उकल आज इतिहास म्हणून मान्य होणार नाही, आणि इंग्रजी राज्याकडून त्यांनी सुरुवातीला धरलेल्या आशा ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहीपर्यंत त्यांच्याच हातून बऱ्याच कमी झाल्या होत्या. त्यांचा मूळ प्रश्न मात्र पुढे गेला.

तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी उचलला, आणि त्याची दुसरी बाजू दाखवली. वतन म्हणजे मान आणि उत्पन्न, असे आपण समजतो. महार वतन हेही वतनच होते. थोडीशी जमीन आणि बलुते, आणि त्या बदल्यात सरकारचे व गावाचे काम रात्री-अपरात्री केव्हाही. वतनदार घरी नसला तर घरातल्या दुसऱ्या कुणी. म्हणजे इथे हक्काबरोबर, किंबहुना हक्कापेक्षा जास्त, वेठबिगार वारशाने येत होती. पेनच्या विनोदात हे बसत नाही. न्यूटनच्या मुलाला गणितज्ञ व्हायची सक्ती नव्हती! मार्च १९२८ मध्ये आंबेडकरांनी १८७४ चा कायदा दुरुस्त करण्यासाठी मुंबई कायदे कौन्सिलात विधेयक आणले. ते संमत होऊ शकले नाही. पुढे ‘हू वेअर द शूद्राज?’ हे १९४६ चे पुस्तक त्यांनी फुल्यांना अर्पण केले.

घटनेच्या सोळाव्या अनुच्छेदात सरकारी नोकरीबाबत ज्या कारणांवरून भेदभाव करता येत नाही ती दिली आहेत. धर्म, वंश, जात, लिंग यांच्या पुढे तिथे ‘कूळ’ हा शब्द आहे. शेजारच्या पंधराव्या अनुच्छेदात तो नाही. मुलांना दोन्ही अनुच्छेद शेजारी ठेवून हा फरक शोधायला सांगा. हा शब्द नुसता शोभेचा नव्हता. आंध्रातल्या एका गावकामगाराचे पद वारसालाच द्यायचे की नाही या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६० साली तो वापरला आणि वंशपरंपरागत नेमणुकीची जुनी तरतूद घटनाबाह्य ठरवली. आपल्याकडे परगणा आणि कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने गेली, महार वतनासह कनिष्ठ गाववतने १९५८ च्या, आणि महसुली पाटीलकी १९६२ च्या. फ्रान्समध्ये जे ऑगस्ट १७८९ मध्ये झाले, त्याला इथे १९६२ उजाडले.

आंबेडकर स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही त्रयी मानत. पण ती आपण फ्रेंच राज्यक्रांतीपासून नव्हे, तर बुद्धाच्या शिकवणुकीतून घेतली, असे त्यांनी १९५४ साली आकाशवाणीवरच्या भाषणात स्पष्ट सांगितले. युरोपने दिले आणि आपण घेतले, असा सरळ हिशोब मांडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

काही महिन्यांनी त्याच कोपरीच्या वर्गात मी पुन्हा गेले. हजेरीपटात चार पाटील होते, एक कुलकर्णी होती, एक देशमुख होता. आडनावांवरूनच सुरुवात करावी असा मोह झाला होता, पण इतिहासाच्या सरांनी थांबवले. ते बरोबर होते. आडनावावरून जात उघडी पडते, आणि जिच्या आडनावामागे मानाचे वतन नाही अशी एखादी मुलगी त्या तासाला मान खाली घालून बसेल. म्हणून आम्ही फळ्यावर फक्त दोन रकाने आखले: ‘जन्माने मिळते’ आणि ‘जन्माने मिळत नाही’. मुलांनी भराभर सांगितले. डोळ्यांचा रंग पहिल्यात. डॉक्टरकी दुसऱ्यात. मत दुसऱ्यात, ते अठराव्या वर्षी मिळते. नगरसेवकपद दुसऱ्यात, त्यावर मागच्या बाकांवरून खसखस पिकली, आणि सरांनीही ती पिकू दिली. मग पहिल्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, बाबांची होडी दादाला मिळणार आहे. ती कुठे लिहायची?" लगेच दुसरा म्हणाला, "आणि फ्लॅट?"

हा प्रश्न पेनलाही पडला होता. १७९७ च्या एका पुस्तिकेत त्याने सुचवले, की जमीन मुळात सगळ्यांची, म्हणून वारशाने जाणाऱ्या मालमत्तेतून एक निधी उभारावा. त्यातून एकविसाव्या वर्षी प्रत्येकाला, स्त्री असो वा पुरुष, पंधरा पौंड द्यावेत आणि पन्नाशीनंतर दरवर्षी दहा पौंड. मी हे सांगितल्यावर वर्गात बराच गोंधळ झाला. होडी स्वतःच्या कष्टाने घेतलेली असते, मग तिच्यावर कर का, असे एका गटाचे म्हणणे. खाडी तर कुणीच विकत घेतलेली नाही, असे दुसऱ्या गटाचे. घंटा झाली तेव्हा सर फळ्यावर तिसरा रकाना आखत होते आणि त्याला काय नाव द्यावे ते मुलांना विचारत होते.